सरकारी पैशानं मासे कशाला पाळायचे?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण प्रश्न माझ्या घरातून आलाय, त्यामुळे दोन ओळींत उरकता येत नाही.

गेल्या महिन्यात चिपळूणच्या स्टँडवर चहा घेत होतो. मोबाइलवर झेब्राफिशवरच्या संशोधनाची बातमी वाचत होतो. शेजारच्या काकांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मासे पाळायला सरकार पैसे देतं? आम्हाला बोटीच्या डिझेलला द्या म्हणावं." सगळे हसले. मीही हसलो. पण दोनच दिवसांपूर्वी मी परळहून आलो होतो, आणि ते हसू घशाखाली नीट उतरलं नाही.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या कातडीला जरा घासलं तरी फोड येतो. शर्टाची शिवण, बुटाची कड, शाळेच्या बाकाचा कोपरा, काहीही पुरतं. आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. बहीण रोज सकाळी स्वच्छ केलेल्या सुईनं फोड फोडते, मलम लावते, न चिकटणारी पट्टी बांधते. दीड तास जातो. मग पोरगा शाळेत. वर्षातून दोनदा मी त्यांना परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जातो. लालबागला काकांच्या खोलीवर उतरतो, पहाटे उठून नंबर लावतो.

या खेपेला तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. वरची कातडी, खालचा थर. मधे बारीक बारीक बटणं. "ही बटणं वरच्या थराला खालच्याशी धरून ठेवतात. याची बटणं नीट लागत नाहीत." बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, ही बटणं कोण बघतं रे? कोणी शोधतंय का?"

त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि माशांपर्यंत पोचलो. तोही मुंबईतच.

पण आधी परळ. कारण जनावरांमार्फत रोग 'बघायची' मुंबईची सवय तिथूनच सुरू होते.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढचं आपल्याला शाळेत थोडंफार शिकवलंय. वाल्देमार हाफकिन मुंबईत आला, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्यानं लस केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. हे नाव तिला 1925 साली मिळालं.

लस होती, तरी प्लेग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो कसा, हे कुणालाच दिसत नव्हतं. लोक हवेला दोष देत, घाणीला देत, शेजाऱ्याला देत. सरकारनं घरं धुतली, कौलं काढली, माणसांना ओढून छावणीत नेलं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीला उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं, पण बऱ्याच मोठ्या लोकांनी ते उडवून लावलं.

मग डब्ल्यू. ग्लेन लिस्टन या डॉक्टरनं 1904 च्या सुमारास मुंबईत एक साधी युक्ती केली. प्लेग झालेल्या घरांत त्यानं गिनीपिग मोकळे सोडले. मेलेल्या उंदरांवरून उतरलेल्या भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या, आणि त्या मोजता आल्या, तपासता आल्या. 1905 पासून प्लेग कमिशननं परळच्या आवारात मुद्दाम बांधलेल्या छोट्या खोल्यांत हेच पद्धतशीर करून पाहिलं. जमिनीवर फिरणारे गिनीपिग मेले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. हवा सगळ्यांना एकच होती. म्हणजे रोग हवेतून येत नव्हता, पिसवेतून येत होता. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते एका मुक्या जनावरामुळे दिसलं.

पण बघा, त्या प्रयोगातही रोग दिसला तो गिनीपिग आजारी पडल्यावर. आत काय चाललंय हे बघायचं तर जनावर मारून, कापूनच बघावं लागे. जिवंत प्राण्याच्या आतलं काम चालू असताना बघता आलं तर? त्यासाठी लागतो आरपार दिसणारा प्राणी.

असा मासा आपल्या देशात होताच. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालच्या नद्या पालथ्या घातल्या आणि 1822 मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ छापला. त्या एका ग्रंथात आपल्या गोष्टीतले दोन मासे आहेत. एक 'चंदा' गटातला, काचेसारखा. उजेडात धरला तर काटा मोजता येतो. आपल्याकडच्या नद्यांतही सापडतो, लहानपणी आम्ही पोरं त्याला सरळ काचमासा म्हणायचो. दुसरा करंगळीएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला. हॅमिल्टननं त्याच्या नावात 'रेरिओ' घातलं. आज त्याला जग डॅनिओ रेरिओ म्हणतं, म्हणजेच झेब्राफिश. भाताच्या खाचरांत, संथ ओढ्यांत राहणारा अगदी किरकोळ मासा.

आता गंमत अशी की प्रयोगशाळेत गाजला तो काचमासा नव्हे, पट्टेवाला. का? कारण नुसतं आरपार असून भागत नाही. पिढ्यानपिढ्या, हवी तेव्हा, हवी तितकी, वंशावळ माहीत असलेली पिल्लं मिळायला लागतात. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे: निसर्गानं मासा दिला, पण विज्ञानाला उपयोगी मासा घडवला तो पाळणाऱ्यांनी.

ही पट्टेवाली जात मी ओळखतो, कारण ती आमच्या घरात होती. वडील लालबागच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा. संप काही रीतसर संपला नाही, वडीलही पुन्हा आत गेले नाहीत. मिळेल ते काम करून आणखी काही वर्षं आम्ही तिथंच काढली. मग गावी आलो. गावी यायच्या आधीच्या वर्षी वडिलांनी मला क्रॉफर्ड मार्केटातून चार पट्टेवाले मासे आणून दिले. हॉर्लिक्सच्या बाटलीत, खिडकीच्या फळीवर. मी विचारलं, यांना पिल्लं कधी होणार? दुकानदार वडिलांना म्हणाला होता, "अंडी घातली तरी दिसायची नाहीत, तेच खाऊन टाकतात." आईबाप आपली अंडी खातात हे ऐकून मी रात्रभर झोपलो नव्हतो.

अशाच एखाद्या दुकानातून या माशाचा वैज्ञानिक प्रवास सुरू झाला. जॉर्ज स्ट्रायसिंगर हा 1927 साली बुडापेस्टला जन्मलेला ज्यू मुलगा. नाझींच्या सावलीतून कुटुंब अमेरिकेला गेलं. पुढे तो जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर काम करणारा नावाजलेला शास्त्रज्ञ झाला. मग ते सोडून ओरेगॉन विद्यापीठात त्यानं पाळीव प्राण्यांच्या दुकानातले झेब्राफिश आणून टाक्या मांडल्या. त्याला पाठीचा कणा असलेला प्राणी हवा होता, ज्याची जनुकं माशीसारखी सहज अभ्यासता येतील. वर्षानुवर्षं त्यानं दुकानी माशांतून रोगट वंश गाळले आणि निरोगी वंश टिकवले. फक्त आईची जनुकं असलेली, हुबेहूब एकसारखी माशांची पिल्लं त्यानं तयार केली आणि 1981 मध्ये ते काम 'नेचर'मध्ये छापून आलं. 1984 ला तो गेला. या माशाचा जगभरचा संसार त्यानं पाहिलाच नाही.

त्याच्या टाकीतला एक वेगळा मासा होता, 'गोल्डन'. त्याचे पट्टे फिकट. नुसता फिकट मासा, त्यात काय बघायचं? 2005 मध्ये कीथ चेंग आणि सहकाऱ्यांनी त्या फिकटपणामागचं जनुक शोधलं, एसएलसी24ए5. तेच जनुक माणसाच्या कातडीच्या रंगातही भाग घेतं. त्याचा एक बदल युरोपातल्या बहुतेक सगळ्या लोकांत आहे. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तोच बदल भारतातही दूरवर पसरलेला आहे, आणि ज्यांच्यात तो आहे त्यांच्यात तो एकाच जुन्या मुळापासून आलाय. आपण लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' छापणारी माणसं. त्या गोरेपणाचा एक धागा ओरेगॉनच्या टाकीतल्या फिकट माशाकडून सापडला.

आता पारदर्शकतेचं. झेब्राफिशचं अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या दिवसभरात एका पेशीपासून डोळे, मणके, शेपटी होताना दिसते, आणि दिवस सरतो तसं हृदय धडधडायला लागतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर. ते काही दिवस काचेसारखंच असतं. मग रंग भरतात आणि आतलं दिसेनासं होतं.

मोठा मासाही आरपार ठेवायचा तर? बोस्टनमध्ये रिचर्ड व्हाइट, लिओनार्ड झॉन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तो मासा जगापुढे ठेवला. 'नेकर' नावाच्या माशात काळा रंग तयार होत नव्हता. 'रॉय' नावाच्या माशात चंदेरी झिलई नव्हती. दोघांचा संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं साधी पट्टेवाली, कारण दोन्ही दोष लपून राहणारे. त्या भावंडांचा पुन्हा संकर केला की सरासरी सोळांत एक पिल्लू दोन्ही दोष घेऊन येतं. ते मोठं झालं तरी हृदय, आतडी, अंडाशय बाहेरून दिसतात. कार्टूनमधल्या भुतावरून त्याचं नाव ठेवलं 'कॅस्पर'. त्याच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडल्या तर त्या कुठे जाऊन बसतात, हे मासा जिवंत असताना, दिवसामागून दिवस बघता येतं. परळच्या फुटपाथवर रिपोर्टची पिशवी छातीशी धरून बसलेल्या माणसांनाही हाच प्रश्न पडलेला असतो: पसरलाय का, कुठे पसरलाय?

'सोळांत एक' लिहायला सोपं आहे. पण ते एक मिळवायला कुणीतरी बाकीची पंधरा वाढवलेली असतात, टाकीवर चिठ्ठी लावलेली असते, कोण कुणाचं पोर याची वही ठेवलेली असते.

आता कुलाबा. परळहून बस धरली की शेवटच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पुढे, समुद्राला लागून टीआयएफआर आहे. होमी भाभांची संस्था. 1962 च्या जानेवारीत नेहरूंनी या इमारतीचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी अणू आणि गणिताच्या त्या घरात भाभांनी ओबेद सिद्दिकी नावाच्या तरुणाला जीवशास्त्राचा विभाग उघडून दिला. तेव्हाही लोकांनी विचारलं असेल, अणुशास्त्रज्ञांच्या घरात माश्या कशाला? सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फळांवरच्या माशीला वास कसा येतो, चव कशी कळते, यावर जगात नाव काढलं. मासे आले ते नंतर.

जर्मनीत ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांना 1995 मध्ये माशीवरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. तोवर त्या झेब्राफिशकडे वळल्याही होत्या. हजारो टाक्यांत मासे वाढवून, ज्यांची वाढ कुठेतरी चुकते असे वंश त्यांनी वेचून काढले. तिकडे बोस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर तेच करत होते. डिसेंबर 1996 मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंक या माशांनीच भरला, 37 शोधनिबंध.

ट्युबिंगेनच्या त्याच प्रयोगशाळेत महेंद्र सोनवणे यांनी काम केलं आणि पुढे टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा मांडली. त्यांचा विषय: माशाच्या पिल्लाची कातडी.

2005 मध्ये सोनवणे, न्युसलाइन-फोलहार्ड आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. मी तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. माशाचं नाव 'पेनर', जर्मन बोलीत रस्त्यावरचा फाटका माणूस. या पिल्लांच्या कातडीत 'हेमिडेस्मोसोम' तयार होत नाहीत. पुढचं वाक्य वाचल्यावर मी थांबलो. हेमिडेस्मोसोम म्हणजे कातडीच्या तळच्या पेशींना खालच्या थराशी जोडून ठेवणारी जागा. डॉक्टरबाईंनी कागदावर काढलेली बटणं ती हीच.

म्हणजे माझ्या बहिणीनं परळच्या जिन्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. कोणी बघतंय. एक माणूस ट्युबिंगेनहून तो प्रश्न घेऊन कुलाब्याला आला होता, आणि आम्ही त्याच शहरात, काही मैलांवर, नंबर लावून बसलो होतो.

इथे थांबून स्पष्ट सांगतो, कारण अशा पोस्टवरून लोक आशा धरतात. माशावरचं हे काम म्हणजे भाच्याचं औषध नाही. 'पेनर'मधलं बिघडलेलं जनुक आणि भाच्याच्या आजाराचं कारण एक आहे, असंही मी म्हणत नाही. बटण लागतं कसं, हे कळणं ही पहिली पायरी. औषध बऱ्याच पायऱ्या वर असतं.

पण ही पायरी कुठे नेईल ते आधी सांगता येत नाही. याच प्रयोगशाळेनं 'गूजपिंपल्स' नावाच्या माशाचा अभ्यास केला. मराठीत म्हणायचं तर 'अंगावर काटा'. कातडीतला बिघाड म्हणून अभ्यास सुरू झाला, जनुक निघालं मायोसिन फाइव्ह-बी. माणसात हेच जनुक बिघडलं की काही नवजात बाळांची आतडी अन्न शोषत नाहीत, असा एक भयंकर दुर्मिळ आजार आहे. 2016 मध्ये मुंबईच्या या गटानं दाखवलं की माशाच्या आतड्यातही त्या आजाराच्या खुणा दिसतात. कातडी बघायला गेले आणि बाळांच्या आतड्यापर्यंत पोचले. अनुदानाच्या अर्जात हे आधी लिहिता येईल का?

2013 मध्ये झेब्राफिशचा अख्खा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा दिसलं की माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात नातेवाईक आहे. त्याआधी 2009 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीनं आपल्याकडच्या रानटी झेब्राफिशचा जनुकसंच वाचला होता. आपल्या ओढ्यातला मासा जगभर फिरून आपल्याकडे परत आला, आणि आपण त्याला ओळखलं ही चांगलीच गोष्ट.

आता ज्यांची नावं कुठल्याच निबंधाच्या डोक्यावर येत नाहीत त्यांच्याविषयी. झेब्राफिश पाळण्याची रीत जगभर साधारण सारखी आहे. पाणी 28 अंशांच्या जरा वर. 14 तास उजेड, 10 तास अंधार. संध्याकाळी नर आणि मादी छोट्या टाकीत, मधे पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, थोड्या वेळात अंडी. टाकीचा आतला तळ जाळीचा असतो, अंडी खाली पडतात आणि आईबापांना खाता येत नाहीत. (हॉर्लिक्सच्या बाटलीपुढे बसलेल्या आठ वर्षांच्या मला कुणी ही जाळी दाखवली असती तर!) एका खेपेला शंभर-दोनशे अंडी. मेलेली वेचून टाकायची. पिल्लांना आधी सूक्ष्म जीव, मग रोज ताजे उबवलेले आर्टेमियाचे कण. तीन महिन्यांनी ती पिल्लंच आईबाप होतात. या कामाला रविवार नाही, गणपती नाही, लोकल बंद पडली म्हणून सुट्टी नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या प्रयोगशाळांना कुलपं लागली, तरी कुणीतरी जाऊन जनावरांना खायला घालतच होतं. एक वंश मेला तर वीस वर्षांचं काम जातं.

आपल्याकडे यंत्राच्या उद्घाटनाला फीत असते. टाक्या धुणाऱ्याच्या पगाराला नसते. संशोधनावरचा खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री अशाच न दिसणाऱ्या ठिकाणी चालते. मला भीती त्याची वाटते.

जनावरांचं दुःख? प्रश्न रास्त आहे. परळच्या गिनीपिगना कुणी विचारलं नव्हतं. आज 1960 च्या कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि मासाही त्या नियमांत येतो. आरपार माशाचा एक फायदा असाही की तोच मासा पुन्हा पुन्हा जिवंत बघता येतो, दर वेळी नवा मारावा लागत नाही. तरीही किंमत आहेच, ती नाकारू नये.

परवा बहिणीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माशालाही होतं तर." मागून भाचा ओरडला, "मामा, मासा पट्टी कशी बांधतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेला चार पट्टेवाले आणून देणार आहे त्याला. बाटलीत नाही, टाकीत. तळाला जाळी लावून.

आणि स्टँडवरच्या काकांना: बोटीला डिझेल मिळायलाच हवं, त्यासाठी मी तुमच्या बाजूनं बातमी लिहीन. पण माशांच्या त्या टाक्याही चालू राहू द्या. तुमच्या-माझ्या घरातल्या एखाद्या पोराची बटणं कुणीतरी तिथे शोधतंय.